मुंबई बंदर कोणी वसवलं?

मुंबईच्या इतिहासाचा विषय निघाला की शाळकरी मुलापासून निवृत्त माणसापर्यंत कुणीही हमखास एक प्रश्न विचारतो: हे शहर मुळात वसवलं कोणी? उत्तर मात्र घरोघरी बदलतं. कोळीवाड्यात विचारलं तर 'आम्ही इथलेच' एवढं सांगून विषय संपतो. जुन्या पाठारे प्रभू घरात बिंब राजाचं नाव निघतं. पारशी घरात लवजी वाडियांचं नाव येतं. इंग्रजी पुस्तकं गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरला मान देतात.

यातलं एकही उत्तर खोटं नाही आणि एकही पुरेसं नाही. बंदराला प्रत्येक काळात निराळ्या कामाची माणसं लागतात. कधी भरती-ओहोटी ओळखणारी, कधी खारजमीन लागवडीखाली आणणारी, कधी उधारीवर माल देणारी, कधी जहाज बांधणारी. मुंबईत ही माणसं आपापल्या कुटुंबकबिल्यासह, निरनिराळ्या शतकांत आली आणि त्या त्या वेळी बंदराचा एकेक भाग त्यांनी उभा केला. म्हणून या प्रकरणात एकाच संस्थापकाचा शोध न घेता घराणी ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने पाहू.

१. आडोशाचं पाणी

आधी बंदर म्हणजे काय ते स्पष्ट व्हायला हवं. कोकणच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा सुटतो आणि उघड्या समुद्रात गलबत टिकत नाही. जहाजाला हवं असतं ते वाऱ्यापासून आडोसा असलेलं आणि तरीही खोल असलेलं पाणी. या दोन गोष्टी एकत्र सहसा मिळत नाहीत. आडोसा असतो तो खाडीत, पण खाडी गाळाने उथळ होते. खोली असते ती बाहेर, पण तिथे आडोसा नसतो.

मुंबईत दोन्ही मिळतं. वाऱ्यात दिवा विझू नये म्हणून तळहात आडवा धरावा, तशी मुंबईची बेटं उत्तर-दक्षिण आडवी पसरली आहेत. पश्चिमेच्या लाटा वरळी, मलबार हिल, कुलाबा यांच्या खडकांवर फुटतात आणि पूर्वेला, बेटं आणि मुख्य भूमी यांच्या मध्ये, विस्तीर्ण शांत पाणी राहतं. घारापुरीचं बेट याच पाण्यात आहे.

मुंबई सात बेटांची, असं पाठ्यपुस्तकात असतं: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. हा आकडा भरतीच्या वेळचा आहे. ओहोटीला यांपैकी काही बेटांदरम्यान चिखल तुडवत चालत जाता येई, भरतीला होडी लागे.

इतकं चांगलं बंदर असताना प्राचीन काळी व्यापार सोपारा, कल्याण, ठाणे, चौल या ठिकाणी का चाले? कारण त्या काळची गलबतं लहान होती. त्यांना खोलीची फारशी गरज नव्हती. गरज होती ती घाटवाटांच्या जवळ जाण्याची. जुन्नर, नाशिककडून बैलांच्या पाठीवर उतरलेला माल खाडीच्या टोकाशी थेट गलबतात चढवता आला की काम भागे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. घारापुरीला सहाव्या शतकात भव्य शिवलेणं कोरलं गेलं, पण मोठं व्यापारी बंदर मुंबईत उभं राहिलं नाही. खोल पाण्याचं मोल वाढलं ते महासागर ओलांडणारी मोठी जहाजं आली तेव्हा. तोवर या बेटांवर वेगळंच जग नांदत होतं.

२. भरतीचं गणित जाणणारे

ते जग कोळ्यांचं. वरळी, माहीम, धारावी, शीव, शिवडी, माझगाव, कुलाबा: बेटांच्या काठाकाठाने कोळीवाडे होते आणि त्यांतले बरेच आजही आहेत. ज्या मुंबादेवीच्या नावाने शहर ओळखलं जातं, ती कोळ्यांचीच देवी. तिचं जुनं देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होतं. अठराव्या शतकात ते तिथून हललं आणि काळबादेवीजवळच्या आताच्या जागी आलं.

कोळ्यांचं ज्ञान किती बारीक आहे हे कळण्यासाठी डोल पाहावी. डोल म्हणजे लांबच लांब नरसाळ्याच्या आकाराचं जाळं. समुद्राच्या तळात खुंट रोवायचे, त्यांना जाळ्याचं रुंद तोंड बांधायचं आणि ते वाहत्या पाण्यासमोर उघडं ठेवायचं. मासळीच्या मागे धावावं लागत नाही. भरतीचं किंवा ओहोटीचं पाणीच बोंबील, जवळा, कोळंबी जाळ्यात आणून टाकतं. मात्र पाण्याची ओढ फिरायच्या आत जाळं वर घ्यावं लागतं, नाहीतर जाळं उलटतं आणि आलेली मासळी निघून जाते. म्हणून तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्या प्रमुखाला, पाणी कधी फिरणार हे नेमकं ठाऊक असावं लागतं.

ते कसं ठरवायचं? किनाऱ्यावर एक सोपा हिशेब पिढ्यानपिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा पूर्ण भरतीच्या वेळेचा.

समजा, आज अष्टमी आहे. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी-मध्यरात्री बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. थोडं मागेपुढे होतं, पण होडी काढण्याइतका अंदाज यातून नक्की मिळतो. चंद्र रोज साधारण पाऊण तास किंवा त्याहून थोडा जास्त उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते, हे या हिशेबामागचं कारण.

याच्या जोडीला दुसरा भाग येतो, पाण्याच्या जोराचा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते आणि पाणी खूप चढतं, खूप उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो. तो भांग. डोल धरायची ती उधाणाच्या दिवसांत, जेव्हा पाण्याला ओढ असते. जाळी दुरुस्त करायची ती भांगाच्या दिवसांत.

पुढे जी जी मंडळी मुंबईत आली, त्यांना या ज्ञानाचा आधार घ्यावाच लागला. खडक कुठे आहे, गाळ कुठे साठतो, कोणत्या तिथीला कोणती खाडी पायी ओलांडता येते, हे किनाऱ्यावरच्या कोळ्यांना आधीपासून माहीत होतं.

३. माहीमच्या वाड्या आणि बखरीतली कुळं

मासळी आणि मीठ होतं, पण मोठी वस्ती पोसायला धान्य, नारळ, सुपारी लागतात. ती आणणाऱ्यांची कहाणी 'महिकावतीची बखर' या जुन्या मराठी ग्रंथात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती संपादित करून १९२४ साली छापली. बखर म्हणजे आठवणी, वंशावळी, हक्कांचे दाखले आणि कथा यांचं एकत्र लेखन. ही बखर वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळ्या काळात लिहिली, त्यामुळे तिच्यातल्या सगळ्याच सनावळ्या एकमेकींशी जुळत नाहीत. तिच्यात सांगितलेला स्थलांतराचा आराखडा मात्र मोलाचा आहे.

बखरीनुसार बाराव्या शतकात प्रतापबिंब हा राजा उत्तर कोकणात उतरला आणि त्याने महिकावती, म्हणजे माहीम, इथे राजधानी केली. भाग ओसाड होता, म्हणून त्याने पैठण आणि चांपानेरच्या बाजूने साठाहून अधिक कुळं आणून वसवली. पुढे देवगिरीवर संकट आल्यावर यादव घराण्यातला भीमदेव, ज्याला परंपरा बिंबदेवही म्हणते, आपल्या माणसांसह इथे आला, असंही परंपरा सांगते. पाठारे प्रभू, पाचकळशी, पळशीकर ब्राह्मण, भंडारी हे समाज आपल्या मुंबईतल्या मुळांचा धागा याच हकिगतीशी जोडतात.

राजा कुळांना नुसतं जमिनीवर बसवत नसे, वतन देत असे. एखादं काम, उदाहरणार्थ गावाचा हिशेब ठेवणं, एका घराण्याकडे पिढीजात सोपवायचं आणि त्याच्या मोबदल्यात जमीन किंवा उत्पन्नाचा वाटा द्यायचा, ही ती पद्धत. राजाला रोख पगार द्यावा लागत नाही आणि घराण्याला तिथून हलावंसं वाटत नाही. ओसाड भाग वसवायला यापेक्षा स्वस्त उपाय तेव्हा नव्हता.

या कुळांनी बेटांचं रूप पालटलं. सखल भागात बांध घालून खारं पाणी अडवलं आणि पावसाच्या पाण्याने जमीन धुऊन तिथे भात लावला. उंचवट्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या उठल्या. भंडाऱ्यांनी माडांची ताडी काढण्याचा धंदा उभारला. पुढे इंग्रजी अमलात याच भंडाऱ्यांची शिपाई म्हणून भरती झाली.

याच माहीममध्ये मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) होऊन गेले. अरबी समुद्रावरच्या व्यापारातून किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या नवायत समाजात त्यांचा जन्म झाला, कुराणावरच्या भाष्यामुळे त्यांची कीर्ती दूरवर गेली. त्यांचा दर्गा आजही माहीमचं केंद्र आहे. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या शंभर वर्षं आधी या बेटांवर मासेमार होते, बागायतदार होते, हिशेबनीस होते आणि समुद्रापारच्या विद्येशी नातं असलेले पंडितही होते. नव्हता तो फक्त पूर्वेच्या खोल पाण्याचा वापर.

४. दहा पौंडांचं बेट

१५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि तिच्या अखत्यारीतली बेटं पोर्तुगीजांना दिली. पोर्तुगीजांचं लक्ष वसईवर होतं. मुंबईची बेटं त्यांनी तुकड्यातुकड्याने खंडाने देऊन टाकली. मुंबईचं बेट काही काळ गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे होतं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्याचा वाडा आजच्या नौदल गोदीच्या आवारात होता आणि पुढे इंग्रजांनी त्याच्याभोवती किल्ला बांधला. माझगाव १५७२ मध्ये डिसूझा ई लिमा घराण्याकडे गेलं आणि तिथलं ग्लोरिया चर्च १६३२ सालचं. या काळात अनेक कोळी आणि शेतकरी कुटुंबं ख्रिस्ती झाली. त्यांचे वंशज आज ईस्ट इंडियन म्हणून ओळखले जातात आणि घरात मराठीचीच एक बोली बोलतात.

२३ जून १६६१ रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार झाला. त्यात मुंबई इंग्लंडला मिळाली. प्रत्यक्ष ताबा १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुकने घेतला. राजाला हे बेट परवडेना. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

दहा पौंड हा आकडा नेहमी नवलाने सांगितला जातो. पण कंपनीला खरा खर्च होता तटबंदीचा, शिपायांचा आणि गलबतांचा. तो निघणार कशातून? जकातीतून. जकात कुठून येणार? व्यापारातून. आणि व्यापार कोण करणार? बेटावर तर कोळी, कुणबी, भंडारी आणि थोडे जमीनदार होते. सुरतेसारखे सावकार, दलाल, विणकर, सोनार इथे नव्हते. जहाज नांगरायला उत्तम जागा होती, जहाजात भरायला माल नव्हता. कंपनीला माणसं हवी होती.

५. बोलावून आणलेली माणसं

ही अडचण ज्याने ओळखली तो जेराल्ड ऑन्जियर. तो १६६९ ते १६७७ या काळात गव्हर्नर होता. त्याने आधी जुन्या रहिवाशांचा प्रश्न सोडवला. पोर्तुगीज काळातले जमीनधारक आपली जमीन जाणार म्हणून धास्तावले होते. १६७२ मध्ये त्याने त्यांच्याशी करार केला: जमीनधारकांनी मिळून कंपनीला वर्षाला २०,००० अशर्फ्या द्यायच्या आणि कंपनीने त्यांच्या जमिनीला हात लावायचा नाही. प्रत्येक समाजाचे अंतर्गत तंटे त्या त्या पंचायतीने मिटवायचे, ही व्यवस्थाही त्याच्याच काळात रुजली.

मग नव्यांना आवतण गेलं. व्यापारी नुसत्या सवलतींवर येत नाहीत. आपली पूजाअर्चा, लग्नकार्य, अंत्यसंस्कार कुणाच्या अडथळ्याविना होतील का, हे ते आधी पाहतात. दीवचा वाणी नीमा पारख याने १६७७ साली मुंबईत येण्यापूर्वी कंपनीकडे लेखी हमी मागितली. आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची आणि मृतांचं दहन करण्याची मोकळीक हवी, हे त्यातलं मुख्य कलम होतं. पोर्तुगीज मुलखातला धार्मिक जाच पाहिलेल्या माणसाला ही हमी महत्त्वाची वाटली यात आश्चर्य नाही. पारशांचा मलबार हिलवरचा पहिला दख्मा, म्हणजे मृतदेह ठेवण्याचा मनोरा, याच दशकातला, मोदी हिरजी वाच्छा यांनी बांधलेला. ज्या जागी समाज आपल्या मृतांची व्यवस्था करतो, तिथे तो राहायला आलेला असतो. नुसता फेरीवाला व्यापारी एवढा खर्च करत नाही.

समकालीन नोंदी सांगतात की बेटाची लोकसंख्या थोड्या वर्षांत दहा हजारांवरून साठ हजारांवर गेली. वरच्या आकड्यात फुगवटा असेल, पण दिशा खरी होती.

६. पुन्हा वसवणं

ही सगळी घडी पंधरा वर्षांत विस्कटली. कंपनीने औरंगजेबाशी वैर ओढवून घेतलं आणि फेब्रुवारी १६८९ मध्ये मोगलांचा आरमारी सरदार, जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान, शिवडीला उतरला. माझगाव, शीव, माहीम त्याच्या हाती गेले आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. कंपनीने बादशहाची माफी मागून दंड भरला, तेव्हा जून १६९० मध्ये सिद्दी परत गेला. त्यापाठोपाठ रोगाची साथ आली. १७१५च्या सुमारास लोकसंख्येचा अंदाज अवघा सोळा हजारांचा केला गेला होता.

या काळातलं एक नाव पारशी परंपरेने जपून ठेवलं आहे: रुस्तम दोराबजी. त्याचे वडील दोराबजी नानाभाई हे पोर्तुगीज काळातच, १६४०च्या सुमारास, मुंबईत आले होते. साथीने इंग्रज फौज खिळखिळी झाली असताना सिद्दीची माणसं पुन्हा बेटावर उतरली, तेव्हा रुस्तमने कोळ्यांना एकत्र करून त्यांना हाकलून लावलं, असं ही परंपरा सांगते. कंपनीने त्याला कोळ्यांची पाटीलकी दिली आणि त्याचं घराणं पटेल म्हणून ओळखलं जाऊ लागलं. म्हणजे वतन देण्याची बिंबाच्या काळची रीत इंग्रजांनीही उचलली. या हकिगतीत जी फौज लढली ती कोळ्यांची होती, हेही तितकंच लक्षात ठेवायला हवं. दस्तऐवजात नाव एकाचं राहिलं, होड्या आणि हात शेकडोंचे होते.

७. लवजींची गोदी

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीला नवी गरज जाणवली. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने कोकणच्या समुद्रात इंग्रज जहाजांना जेरीस आणलं होतं. लढाऊ गलबतं हवी होती, आणि ती दुरुस्त करायची सोयही हवी होती. जहाजबांधणी चाले सुरतेला. पण सुरत तापीच्या मुखापासून आत, नदी गाळाने भरत चाललेली आणि शहरावर कंपनीची सत्ता नाही.

१७३५ साली कंपनीने सुरतेत एक जहाज बांधून घेतलं. ते काम पाहायला गेलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेत लवजी नसरवानजी वाडिया (१७०२–१७७४) हा तरुण मुकादम भरला. १७३६ मध्ये लवजी दहाएक सुतारांना घेऊन मुंबईला आले. त्यांनी गोदीसाठी जागा निवडली आणि कामाला सुरुवात केली. त्यांच्या घराण्याने पुढची जवळपास दीडशे वर्षं मुंबईच्या गोदीचं मुख्य कारागीरपद सांभाळलं.

त्यांच्या काळातलं सर्वांत मोठं काम म्हणजे सुकी गोदी. जहाजाचा तळ दुरुस्त करायचा तर ते पाण्याबाहेर काढावं लागतं. शेकडो टनांचं जहाज ओढून काढणं अवघड, म्हणून जहाज जागेवर ठेवून पाणीच बाजूला काढायचं. काठाला दगडी भिंतींचा खोल हौद बांधायचा आणि समुद्राच्या बाजूला दरवाजे बसवायचे.

समजा, एखाद्या जहाजाला तरंगायला चार मीटर पाणी लागतं. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. त्या भरतीला दरवाजे उघडे ठेवून जहाज आत घ्यायचं. ओहोटी लागली की हौदातलं बरंचसं पाणी आपोआप समुद्राकडे निघून जातं. पाणी तळाशी आलं की दरवाजे बंद करायचे आणि उरलेलं उपसायचं. जहाज टेकूंवर कोरडं उभं राहतं. काम झाल्यावर पुढच्या उधाणाला दरवाजे उघडले की ते आपसूक तरंगून बाहेर जातं. जिथे भरती-ओहोटीत फरक कमी असतो तिथे हे सगळं पाणी उपसावं लागलं असतं. डोल धरणाऱ्याला जे पाणी कामाला येई, तेच आता गोदीला कामाला आलं. १७५० साली मुंबईत अशी पहिली सुकी गोदी तयार झाली, आशियातली ही पहिली मानली जाते. १७६५पर्यंत आणखी दोन जोडल्या गेल्या.

लाकूड सागवानी. ते मलबार आणि गुजरातच्या जंगलांतून नदीने किनाऱ्यावर आणि तिथून समुद्राने मुंबईत येई. इंग्लंडमध्ये जहाजं ओकची असत. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागातल्या तेलाने ते टिकतात. साग सहसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. मुंबईचे सुतार तक्ते नुसते शेजारी शेजारी ठोकत नसत. एका तक्त्याच्या कडेला खाच पाडून दुसऱ्याची कड तिच्यात बसवत आणि मधल्या फटीत राळ आणि कापूस भरत. कामाच्या आरंभी पारशी रीतीप्रमाणे जहाजाच्या लाकडात चांदीचा खिळा ठोकण्याचा विधी होई.

लवजींनंतर माणेकजी आणि बमनजी हे मुलगे, त्यांच्यानंतर फ्रामजी आणि जमशेटजी हे नातू, अशी विद्या घरात उतरत गेली. जमशेटजी बमनजी यांच्या काळात ब्रिटिश आरमाराने आपली मोठी युद्धनौका पहिल्यांदाच ब्रिटनबाहेर बांधून घ्यायचं ठरवलं. ती 'मिंडेन', चौऱ्याहत्तर तोफांची. १८१० साली ती पाण्यात उतरली. १८१३ सालच्या 'कॉर्नवॉलिस'वर २९ ऑगस्ट १८४२ रोजी इंग्लंड-चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला. १८१५ सालची 'वेलस्ली' १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात बुडाली, म्हणजे सव्वाशे वर्षं ती तरंगत होती. १८१७ सालची 'त्रिंकोमाली' इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आजही पाण्यावर आहे.

लाकडाचा काळ संपत आला तेव्हाही हे घराणं मागे राहिलं नाही. अर्देशीर करसेटजी यांनी वाफेच्या यंत्रांचा अभ्यास केला आणि १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले.

एका गोष्टीची मात्र भरपाई कधी झाली नाही. या जहाजांवर शेकडो सुतार, लोहार, शिडं शिवणारे आणि दोर वळणारे राबले. त्यांत पारशी होते, हिंदू होते, मुसलमान होते. त्यांची नावं जहाजांच्या कुठल्याच यादीत नाहीत.

८. धक्क्यावरची शेजारघरं

गोदी उभी राहिली आणि तिच्या आसऱ्याने वस्ती भराभर वाढली.

रेवदंडा, नवगाव परिसरात तेल गाळण्याचा धंदा करणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्रायली ज्यू मुंबईत येऊ लागले. १७४६ मध्ये आलेलं दिवेकर कुटुंब हे त्यांच्यातलं पहिलं मानतात. कंपनीच्या फौजेत चढत गेलेल्या सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली मांडवीला शहरातलं पहिलं सिनेगॉग बांधलं. या समाजाची घरची भाषा मराठी.

कोकणी मुसलमानांकडे जहाजांची मालकी आणि नाखुदेपण, म्हणजे कप्तानी, पिढीजात होतं. जामा मशिदीचं काम १७७५ मध्ये सुरू झालं, १८०२ मध्ये पुरं झालं. जुन्या तलावावर उभी असलेली ही मशीद या समाजाच्या दर्यावर्दी संपत्तीतून आकाराला आली आणि पुढे नाखुदा महंमद अली रोगे यांनी तिच्यात भर घातली.

मुरबाडच्या बाजूने दैवज्ञ समाजातलं एक कुटुंब अठराव्या शतकाच्या मध्याला आलं आणि जवाहीर व सावकारीत स्थिरावलं. नाना शंकरशेट याच घराण्यातले. बंदरात साठलेला पैसा शाळा आणि रेल्वेकडे वळवणाऱ्यांत ते अग्रणी होते.

आणि एक नाव रोज हजारो प्रवाशांच्या तोंडी असतं: भाऊचा धक्का. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. गाळात उतरून गुडघाभर पाण्यातून होडीकडे जाणाऱ्या उतारूंच्या हालअपेष्टा पाहून त्यांनी एकोणिसाव्या शतकात भराव घालून धक्का बांधला. आज रेवस, मोऱ्याकडे लाँच सुटतात तो धक्का जुन्या जागेवर नाही, पण नाव भाऊंचंच टिकलं. शहरातल्या बहुतेक गोद्यांना राजपुत्रांची, राण्यांची आणि गव्हर्नरांची नावं मिळाली असताना एका स्थानिक गृहस्थाचं घरगुती संबोधन लोकांनी टिकवलं.

९. घराण्यांकडून संस्थेकडे

१८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. धक्के, वखारी, भराव हे सगळं तोवर बहुतांशी खाजगी हातांत होतं. प्रत्येक मालक आपापला दर लावी. १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि बंदराचा कारभार घराण्यांकडून संस्थेकडे जाऊ लागला. १८७५ साली ससून घराण्याने कुलाब्याला बांधलेली ससून गोदी, १८८०ची प्रिन्सेस गोदी आणि १८८८ची व्हिक्टोरिया गोदी यांनी किनाऱ्याचं रूप कायमचं बदललं. ससून गोदी बांधली होती कापसासाठी. आज ते मासळीचं बंदर आहे. पहाटे तिथे कोळणी लिलावाला उभ्या असतात.

सुरुवातीच्या 'वसवलं कोणी' या प्रश्नाला आता क्रमाने उत्तर देता येतं. पाण्याची जाण कोळ्यांची. जमीन कसण्याजोगी केली ती माहीमच्या कुळांनी. पेढी आणि बाजार आणला तो दीव-सुरतेहून आलेल्या वाणी-पारशांनी. जहाज दिलं वाडियांनी आणि त्यांच्या सुतारांनी. यातला पहिला वाटा देणाऱ्यांना सर्वांत कमी परतावा मिळाला, हे मात्र स्पष्टपणे म्हणायला हवं. भराव पडत गेले तशी त्यांची होड्या ओढण्याची, मासळी वाळवण्याची आणि डोल धरण्याची जागा आकसत गेली.

जागेचा हा वाद आजही मिटलेला नाही. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळीला पुलाचे खांब जवळजवळ येणार होते, दोन खांबांत साठ मीटर अंतर. वाऱ्या-पाण्याच्या ओढीत होडी खांबावर आदळेल, असं वरळीच्या कोळ्यांचं म्हणणं होतं आणि त्यांनी काम रोखून धरलं. अखेर २०२२च्या शेवटी मधला एक खांब वगळून एकशेवीस मीटरचा मोकळा गाळा ठेवायचं ठरलं. कोळ्यांची मागणी याहून अधिक अंतराची होती. पण आराखडा बदलला तो तिथल्या पाण्याची ओढ ज्यांना ठाऊक आहे त्या माणसांच्या सांगण्यावरून.